कोरडा पत्रा, चोख कागद

तरुणपणी गाड्यांच्या नादात रमलेला माणूस नोकरी-धंदा, लग्न, मुलांची शिक्षणे आणि घराचे हप्ते यांत तो नाद बाजूला ठेवतो. पन्नाशीच्या आसपास तो पुन्हा त्याकडे वळतो, तेव्हा त्याच्या मनात पहिला प्रश्न येतो किमतीचा. एखादी जुनी मोटार कितीला पडेल? पैसे बेताचे असतील तर हा प्रश्न अधिकच टोचतो आणि तो माणूस बाजारातली सर्वांत स्वस्त गाडी शोधू लागतो. माझ्या मते इथेच हिशेब बिघडतो. जुन्या गाडीचा एकूण खर्च तिच्या किमतीवर फार थोडा अवलंबून असतो. तिच्यासोबत कोणते दोष घरी येतात आणि त्यांपैकी कोणते आपल्या गावात थोड्या पैशांत दूर होऊ शकतात, यावर तो ठरतो. म्हणून गाडी पाहायला निघण्याआधी आपले गाव पाहायला हवे. सुरतेत राहणाऱ्या मराठी माणसासाठी या पाहणीचे उत्तर बरेच स्पष्ट आहे. यंत्राचे दोष सुरतेत स्वस्तात निघतात, पत्र्याचे दोष महाग पडतात आणि कागदांचे दोष कधीकधी पैसे टाकूनही निघत नाहीत. तेव्हा इंजिन थकलेले चालेल, पण पत्रा कोरडा आणि कागद चोख असलेली अगदी सामान्य गाडी घ्यावी, हे या लेखाचे म्हणणे आहे.

यंत्रकामाच्या बाजूने सुरत भाग्यवान शहर आहे. जगाला ते हिऱ्यांसाठी आणि साड्यांसाठी ठाऊक आहे. पण या दोन्ही धंद्यांच्या पोटात यंत्रे आहेत आणि यंत्रे रोज बिघडतात. उधना, पांडेसरा, सचिन या पट्ट्यात यंत्रमाग, रंगाई-छपाईच्या गिरण्या आणि त्यांना सांभाळणारे लेथवाले, फिटर, वेल्डर, मोटार-रिवाइंडिंगवाले एकमेकांच्या शेजारी नांदतात. मागाचा झिजलेला शाफ्ट भरून पुन्हा घासून देणे, तुटलेला दाता बदलणे, बिडाच्या भागाला गेलेली चीर सांधणे ही त्यांची रोजची कामे आहेत. मोटारीच्या इंजिनाला लागणारे बरेचसे काम याच जातीचे असते. धुळे, जळगाव, नंदुरबारकडून येऊन लिंबायत, उधना, डिंडोली भागांत स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांतल्या कित्येकांचे आयुष्य या यंत्रांजवळ गेले आहे. त्यामुळे इथल्या मराठी वाचकाला चांगला फिटर शोधायला फार लांब जावे लागत नाही. कापडाच्या गावात मोटारीचे वेड रुजते याचा एक जुना दाखला महाराष्ट्रातही आहे. इचलकरंजी हे यंत्रमागांचे गाव. तिथल्या शंकरराव कुलकर्णींनी १९४९ मध्ये ‘मीरा’ या छोट्या मोटारीचा पहिला नमुना बनवला आणि पुढे १९७० च्या दशकापर्यंत ते तिच्या सुधारित आवृत्त्या करत राहिले. ती गाडी कारखान्यातून बाजारात आली नाही. तरीही मोठ्या मोटारकंपनीच्या आधाराशिवाय, गावातल्या यंत्रकौशल्यावर माणूस कुठवर जाऊ शकतो हे तिने दाखवून दिले. सुरतेत हे कौशल्य कितीतरी मोठ्या प्रमाणावर उपलब्ध आहे.

पत्र्याच्या बाबतीत मात्र हेच शहर गाडीचे वैरी आहे. गंज ही लोखंड, पाणी आणि प्राणवायू यांच्यातली विद्युत-रासायनिक क्रिया आहे आणि पाण्यात मीठ मिसळले की तिचा वेग वाढतो. अरबी समुद्र शहरापासून फार दूर नाही, तापीची खाडी तर त्याहून जवळ, आणि जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत साधारण १२०० मिलिमीटर पाऊस पडतो. उरलेल्या काळातही हवेत ओल असतेच. गंजलेले लोखंड मूळ धातूपेक्षा जास्त जागा व्यापते, म्हणून ते रंगाला आतून ढकलून वर उचलते. आपल्याला फुगवटा दिसतो, तोवर खालचा पत्रा बराच खाल्लेला असतो. त्यात जुन्या मोटारींची बांधणी आडवी येते. मारुती ८००, प्रीमियर पद्मिनी, अॅम्बॅसडर या सगळ्या गाड्यांत वेगळी भक्कम चॅसी नाही. जमिनीचा पत्रा, दाराखालचे पोकळ खांब, चाकांवरचे कप्पे मिळूनच गाडीचा सांगाडा होतो. अशा गाडीत गंज म्हणजे केवळ कुरूपता राहत नाही, ताकदच जाते. ही दुरुस्ती करायची तर सीटा, गालिचे, वायरिंग काढावे लागते, कुजका पत्रा कापावा लागतो, त्याच वळणाचा नवा तुकडा घडवावा लागतो, आसपासचा भाग वाकणार नाही अशा बेताने वेल्डिंग करावे लागते आणि पोकळ्यांच्या आतून गंजरोधक थर द्यावा लागतो. हे काम जाणणारे हात थोडे असतात, तासांवर तास जातात आणि शेवटी ते सगळे रंगाखाली लपते. म्हणूनच अनेक ठिकाणी कापण्याऐवजी वरून लांबी भरून रंग मारला जातो. तो रंग गिऱ्हाइकासाठी असतो. गंज त्याखाली आपले काम चालूच ठेवतो.

सुरतेच्या जुन्या गाड्यांबाबत आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याने तापीला महापूर आला आणि शहराचा बहुतांश भाग पाण्याखाली गेला. आज हौसेसाठी परवडणाऱ्या ज्या गाड्या आहेत, त्यांतल्या पुष्कळ त्या पुराच्या आधी रस्त्यावर आलेल्या आहेत. म्हणजे जीजे-०५ क्रमांकाची १९९८ ची किंवा २००३ ची गाडी पाहताना ती त्या आठवड्यात कुठे उभी होती, हा साधा पण आवश्यक प्रश्न ठरतो. पुराचे पाणी ओसरते, पण त्याचा बारीक गाळ पोकळ खांबांत आणि दारांच्या तळाशी साचून राहतो, ओल धरून ठेवतो आणि वर्षानुवर्षे आतून पत्रा खातो. वायरिंगच्या जोडांमध्ये हिरवट थर चढतो आणि मग दिवे, पंखा, इंधनपंप मनाला येईल तेव्हा बंद पडतात. तपासणी अवघड नाही. डिकीतला गालिचा उचलून जादा चाकाची खोबण पाहावी, सीटाच्या रुळांचे बोल्ट पाहावेत, डॅशबोर्डच्या मागे हात घालून वायरींच्या गुच्छात माती लागते का ते चाचपावे, सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढून त्याच्या टोकाकडे पाण्याची रेघ आहे का ते बघावे. पातळ फडक्यात गुंडाळलेला छोटा लोहचुंबक दारांच्या खालच्या कडांवरून फिरवावा. जिथे तो धरत नाही, तिथे पत्र्याच्या जागी लांबी आहे. या तपासणीला अर्धा तास लागतो आणि तिच्यामुळे वाचणारी रक्कम गाडीच्या किमतीहून मोठी असू शकते.

या सगळ्याचा निष्कर्ष असा की सुरतेतल्या माणसाने गाडी सुरतेबाहेर, पूर्वेकडे शोधावी. हजिऱ्याहून निघणारा राष्ट्रीय महामार्ग ५३ नवापूरवरून धुळे-जळगावकडे जातो. घाट चढून वर गेले की समुद्राची खारी हवा मागे राहते. धुळ्याचा पाऊस सुरतेच्या निम्म्याच्या आसपास आहे आणि उरलेले वर्ष कोरडे, कडक उन्हाचे असते. या उन्हाने गाडीचे नुकसान होते, हे खरे. रंग फिका पडतो, डॅशबोर्ड तडकतो, रबरी पट्ट्या कडक होतात, सीटांचे कापड फाटते. पण हे सगळे वरवरचे आणि बदलता येण्याजोगे आहे. सीटांचे कापड आणि शिलाई ही सुरतेत तर अडचण असूच शकत नाही. उलट, खान्देशात एखाद्या शेडमध्ये वर्षानुवर्षे उभी राहिलेली, धुळीने माखलेली आणि इंजिन अडकलेली गाडी दिसायला भकास असली तरी तिचा तळ शाबूत असण्याची शक्यता किनारपट्टीवर पॉलिश होऊन उभ्या असलेल्या गाडीपेक्षा जास्त असते. सुरतेतल्या बहुतेक खान्देशी घरांचे गावाशी येणे-जाणे चालू असते. कोणाची गाडी कुठे, किती वर्षे उभी आहे हे नातेवाइकांकडून कळते. ही माहिती कुठल्याही जाहिरातीपेक्षा भरवशाची असते, कारण गाडीचा इतिहास सांगणारी माणसे ओळखीची असतात.

मात्र राज्याची सीमा ओलांडली की कागदांचा विषय सुरू होतो, आणि वर्षांनंतर छंदाकडे परतलेल्या माणसाला सर्वांत अनोळखी वाटेल तो हाच भाग. एमएच-१८, एमएच-१९ किंवा एमएच-३९ क्रमांकाची गाडी कायमची गुजरातेत ठेवायची तर आधीच्या परिवहन कार्यालयाकडून फॉर्म २८ वर ना-हरकत दाखला, मालकीबदलासाठी फॉर्म २९ आणि ३०, आणि बारा महिन्यांहून अधिक काळ ठेवणार असल्यास नव्या राज्याचा क्रमांक, अशी वाट आहे. कर नव्या राज्यात भरावा लागतो. जुन्या राज्याकडे उरलेल्या काळाचा परतावा मागता येतो, पण पंधरा वर्षे उलटलेल्या गाडीचा असा परतावा सहसा शिल्लकच नसतो. खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. त्यानंतर गाडी तपासून दर पाच वर्षांनी ती वाढवून घ्यावी लागते. हे नूतनीकरण पूर्वी ६०० रुपयांत होत असे. १ एप्रिल २०२२ पासून त्याचे शुल्क ५,००० रुपये झाले आणि ऑगस्ट २०२५ च्या अधिसूचनेने वीस वर्षांहून जुन्या मोटारीसाठी ते १०,००० रुपयांवर नेले. मुदत संपून गेलेल्या गाडीला दर महिन्याचा विलंब आकार वेगळा. तेव्हा सात-आठ वर्षे नोंदणी न वाढवलेली गाडी ‘फुकटात’ मिळाली तरी ती फुकट नसते. त्याहून कठीण गाठी आणखी आहेत: मूळ मालक वारले आणि वारसांनी नाव लावून घेतले नाही, बँकेचे कर्ज कधीच फिटले, पण आरसी बुकावरचा बोजा फॉर्म ३५ भरून उतरवला नाही, चॅसीचा क्रमांक गंजाने वाचता येत नाही. यांतली शेवटची गाठ तर लेथवालाही सोडवू शकत नाही. पैसे देण्याआधी आरसी बुकातले दोन्ही क्रमांक गाडीवरच्या क्रमांकांशी स्वतः ताडून पाहणे, हा या छंदाचा पहिला नियम मानायला हवा.

आता गाडी कोणती? हौसेच्या जगात पद्मिनीचे नाव आदराने घेतले जाते आणि मराठी माणसाला तिच्याबद्दल वेगळी आपुलकी वाटावी, हेही स्वाभाविक आहे. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी उभ्या केलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून ती बाहेर पडली. पण तिचे उत्पादन थांबून आता दोन तपे उलटली. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींमुळे तिचे सुटे भाग दीर्घकाळ बाजारात फिरत राहिले होते आणि ऑक्टोबर २०२३ अखेर त्या टॅक्सीही रस्त्यावरून गेल्या. मोठे गिऱ्हाईकच संपल्यावर सुट्या भागांची दुकाने तो माल किती दिवस ठेवतील, हा विचार बेताच्या पैशांत उतरणाऱ्याने करायलाच हवा. मारुती ८०० चे गणित उलट आहे. डिसेंबर १९८३ मध्ये पहिल्या ग्राहकाच्या हाती तिची किल्ली पडली, १९८६ मध्ये तिचे नवे रूप आले आणि जानेवारी २०१४ मध्ये उत्पादन थांबले. तीस वर्षांत देशभर लाखोंनी विकल्या गेलेल्या या गाडीचे तीन सिलिंडरचे ७९६ सीसी इंजिन तिच्यासोबत संपले नाही. त्याच घराण्यातली इंजिने ऑम्नीत २०१९ पर्यंत आणि अल्टो ८०० मध्ये २०२३ पर्यंत बसत होती. म्हणून गास्केट, रिंगा, क्लच प्लेट, पाण्याचा पंप, टायमिंग बेल्ट या वस्तू आजही तालुक्याच्या गावी मिळतात. थोडी अधिक ताकद हवी असेल तर १९९३ पासूनची झेन किंवा १९९४ पासूनची एस्टीम हेही विचार करण्याजोगे पर्याय आहेत. जीपचे आकर्षण मोठे आहे, आणि हरियाणातल्या मंडी डबवालीसारख्या गावी जीपा बांधून देण्याचा धंदाच आहे. पण बांधलेल्या जीपचे रूप तिच्या आरसी बुकातल्या वर्णनाशी जुळते का, हा प्रश्न सोडवल्याशिवाय त्या वाटेला जाऊ नये.

हा प्रश्न इतका महत्त्वाचा झाला, कारण मधल्या वर्षांत कायद्याची पकड घट्ट झाली आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाने दिलेल्या आणि नोंदणीपत्रात लिहिलेल्या तपशिलांशी विसंगत बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये केरळमधून आलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हेच ठामपणे सांगितले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२-अ आले आणि परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलासाठी मालकाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद झाली. मान्यताप्राप्त सीएनजी किट बसवून त्याची नोंद करता येते, रंग बदलून आरसी बुकात लिहून घेता येतो, त्याच प्रकारचे बदली इंजिन परवानगीने घालता येते. मोठे इंजिन कोंबणे, टप कापणे, चॅसी आखूड करणे मात्र बसत नाही. यावर तरुण मित्र म्हणतील की बदलच करायचे नाहीत तर मजा कसली? या आक्षेपात तथ्य आहे. स्वतःच्या कल्पनेचे काही घडवणे हा या छंदाचा मोठा आनंद आहे. पण बेताच्या पैशांत मूळ रूपाला धरून राहणे हेच शहाणपणाचे ठरते, कायदा बाजूला ठेवला तरीही. इंजिनाची ताकद वाढवली की क्लच, गिअरबॉक्स, ब्रेक, सस्पेन्शन हे सगळे त्या मापाने बदलावे लागते आणि एक बदल चार खर्च मागतो. मूळ गाडी तिच्या अभियंत्यांनी तोलून बनवलेली असते. तिचे प्रत्येक बुश, प्रत्येक स्प्रिंग, कार्बोरेटरचे प्रत्येक जेट मूळ मापावर आणले तर ती आपल्याला आठवते त्याहून खूप चांगली धावते, कारण बहुतेकांनी अशी गाडी चांगल्या अवस्थेत कधी चालवलेलीच नसते. ही अचूकता गाठणे कमी कौशल्याचे काम नाही.

मधल्या वर्षांतला दुसरा बदल पेट्रोलच्या टाकीत आहे. फेब्रुवारी २०२३ पासून २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल देशात येऊ लागले आणि २०२५ पर्यंत ते जवळपास सर्वत्र पोहोचले. दक्षिण गुजरात आणि महाराष्ट्र या ऊसपट्ट्यांतल्या वाचकाला इथेनॉल परके नाही. त्याचा शेतीशी असलेला संबंधही ठाऊक आहे. पण १९९० च्या दशकातल्या गाडीचे रबरी पाइप, पंपाचा पडदा, कार्बोरेटरची गास्केटे या मिश्रणासाठी बनलेली नव्हती. इथेनॉल ते रबर फुगवते, कडक करते, काही ठिकाणी तडे पाडते. ते हवेतली ओल शोषून घेते, आणि सुरतेच्या पावसाळ्यात महिनोन्महिने उभ्या गाडीच्या लोखंडी टाकीत ती ओल तळाशी जाऊन गंज धरते. शिवाय तेवढ्याच आकारमानात इथेनॉलची उष्णता पेट्रोलच्या सुमारे दोन-तृतीयांश असल्याने कार्बोरेटरच्या इंजिनाला मिश्रण थोडे पातळ पडते. उपाय महागडे नाहीत. सगळे इंधनपाइप इथेनॉलला टिकणाऱ्या रबराचे घालावेत, टाकी उतरवून आतून साफ करावी, फिल्टर सुरुवातीला वारंवार बदलावा, कार्बोरेटर नव्या पेट्रोलवर पुन्हा जुळवून घ्यावा आणि गाडी दर पंधरवड्याला थोडी तरी चालवावी. इंधनाचा गळका पाइप म्हणजे आगीचे निमंत्रण असते, म्हणून हे काम रंगाच्या कितीतरी आधी यायला हवे.

इथून पैशांच्या वाटणीकडे यावे लागते. माझी सूचना अशी की हाती असलेल्या एकूण रकमेचा एक-तृतीयांशाहून अधिक भाग गाडी घेण्यात घालू नये, एक-तृतीयांश ठरवलेल्या कामांसाठी ठेवावा आणि उरलेल्याला हात न लावता न दिसलेल्या दोषांसाठी राखावा, कारण जुन्या गाडीत ते निघतातच. सुरक्षेच्या वस्तू मात्र या काटकसरीच्या बाहेर ठेवाव्यात. अमेरिकेत २००६ पासून ‘२४ अवर्स ऑफ लेमन्स’ नावाच्या शर्यती होतात, ज्यांत मोडक्यातोडक्या स्वस्त गाड्या उतरवायच्या असतात. गाडीवरचा खर्च ५०० डॉलरच्या मर्यादेत बसवायचा, पण ब्रेक, चाके-टायर, चालकाचे रक्षण करणारा पिंजरा यांचा खर्च त्या मर्यादेत मोजतच नाहीत. स्वस्ताईचाच खेळ मांडणाऱ्यांनीही थांबण्याच्या साधनात स्वस्ताई नको, असा नियम केला, यातून आपण शिकायला हवे. ब्रेक ऑइल हवेतले पाणी शोषते, त्यामुळे वर्षानुवर्षे उभ्या गाडीचे व्हील सिलिंडर आतून गंजून अडकलेले असतात. ते सरळ नवे घालावेत. टायरच्या बाजूवर चार आकडे कोरलेले असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे; ‘२३१२’ असेल तर ते २०१२ च्या तेविसाव्या आठवड्यातले आहे. नक्षी कितीही खोल दिसली तरी असे टायर महामार्गावर नेऊ नये. स्टिअरिंगचे जोड, ब्रेकचे रबरी पाइप आणि सीटबेल्ट यांनाही हाच न्याय.

कामाच्या क्रमाबद्दल एक मत मी आग्रहाने मांडेन: गाडी पूर्ण खोलून टाकू नये. उत्साहाच्या भरात पहिल्या महिन्यात सगळे सुटे केलेले प्रकल्पच अर्धवट राहतात, कारण खोलायला दिवस लागतात आणि जोडायला महिने. मधल्या काळात कुठला बोल्ट कुठला हे विसरले जाते, भाग हरवतात, सोसायटीच्या पार्किंगमधले शेजारी वैतागतात आणि मन उडते. त्याऐवजी आधी इंजिन सुरू करावे, मग ब्रेक, मग थंड करण्याची व्यवस्था, मग वायरिंग, मग सस्पेन्शन, आणि रंग सर्वांत शेवटी. प्रत्येक टप्प्यानंतर गाडी हलती राहावी. इंजिन उघडण्याआधी कॉम्प्रेशन गेजने प्रत्येक सिलिंडरचा दाब पाहावा. एखाद्याचा कमी आला तर त्यात चमचाभर ऑइल सोडून पुन्हा पाहावे. दाब वाढला तर रिंगा झिजल्या असण्याची शक्यता जास्त, न वाढला तर व्हॉल्व्ह किंवा गास्केटकडे संशय वळवावा. एवढ्या साध्या चाचणीने कित्येकदा हेडच्या कामावर भागते आणि पूर्ण इंजिनाचा खर्च वाचतो. कितीही दिवस चालेलसा वाटला तरी टायमिंग बेल्ट नवा घालावा. आणि जपून काम करावे. जॅक गाडी उचलण्यासाठी असतो, तोलून धरण्यासाठी नाही; खाली शिरण्याआधी पक्के स्टँड लावावेत. जुन्या ब्रेक लायनरच्या धुळीत अॅस्बेस्टॉस असू शकते, ती हवेने फुंकू नये, ओल्या फडक्याने पुसावी. दोन घटकांचे आधुनिक रंग फुप्फुसांना घातक असतात; ते काम योग्य मुखवटा आणि बंद खोली असलेल्या रंगवाल्यावर सोपवावे.

या छंदावर तीन वजनदार आक्षेप घेतले जातात आणि त्यांना टाळून पुढे जाणे बरोबर नाही. पहिला पैशांचा: एवढ्या रकमेत चांगली, अलीकडची वापरलेली गाडी मिळते. ही गोष्ट खरी आहे. मारुती ८०० वर केलेला खर्च विकताना परत येईल, असे कोणी समजू नये. पन्नास वर्षांपुढच्या, मूळ रूपातल्या गाड्यांसाठी २०२१ मध्ये विंटेज नोंदणीचे वेगळे नियम आले, पण त्यांचा बाजार आणि आपला छंद यांत फार अंतर आहे. हा खर्च गुंतवणूक म्हणून न करता शिक्षणाचा, करमणुकीचा खर्च म्हणून करावा आणि घरच्यांना तसाच सांगावा. दुसरा आक्षेप प्रदूषणाचा. कार्बोरेटरची, उत्प्रेरक नसलेली गाडी दर किलोमीटरला आजच्या गाडीपेक्षा बराच जास्त विषारी धूर सोडते. नवी गाडी बनवायलाही ऊर्जा लागते, हे उत्तर पुरेसे नाही, कारण शहराच्या हवेतला धूर त्याने कमी होत नाही. म्हणून अशी गाडी रोजच्या कामाला वापरू नये. महिन्यातून थोडे किलोमीटर, नीट जुळवलेले इंजिन आणि खरे पीयूसी प्रमाणपत्र, एवढी शिस्त पाळली तरच तिचे समर्थन होऊ शकते. तिसरा आक्षेप अपघातातल्या सुरक्षेचा. यावर एकच प्रामाणिक उत्तर आहे: एअरबॅग नसलेली हलकी जुनी मोटार नव्या गाडीइतकी सुरक्षित कधीच होणार नाही. वेग आणि रस्ता निवडणे मात्र आपल्या हाती असते. आणि याच आक्षेपामुळे कोरड्या पत्र्याचा आग्रह अधिक पक्का होतो, कारण जुन्या सांगाड्यात जे थोडे संरक्षण आहे, ते गंजाने आधीच गेलेले असता कामा नये.

हे आक्षेप मान्य करूनही हा छंद करण्याजोगा वाटतो, याचे कारण त्यातून माणसाला काय मिळते यात आहे. आजची मोटार बिघडली तर बहुतेक वेळा एखादा पूर्ण भाग बदलला जातो आणि दोष नेमका कुठे होता हे मालकाला कळत नाही. तीस वर्षांपूर्वीच्या साध्या गाडीत कारण आणि परिणाम यांची साखळी डोळ्यांना दिसते, हाताला लागते. ती उलगडताना इंजिनाबरोबर आपण आपले शहरही नव्याने ओळखतो: कोण बोअर सरळ घासतो, कोण वेल्डिंग करताना पत्रा वाकू देत नाही, कोणाकडे जुने भाग जपून ठेवलेले आहेत. सुरतेच्या गल्ल्यांत हे ज्ञान मुबलक आहे. मागांवर आयुष्य घालवलेल्या कारागिरांची पिढी निवृत्तीकडे चालली आहे आणि स्वयंचलित मागांसोबत काम करण्याची पद्धत बदलते आहे. अशा कारागिराकडे शाफ्ट घेऊन जाणारा गिऱ्हाईक त्याच्या कौशल्याला काम देतो, आणि शेजारी उभा राहिला तर त्यातले थोडे शिकूनही येतो. बेताच्या पैशांत पुन्हा सुरुवात करणाऱ्याने म्हणून दोन गोष्टींवर कसलीही तडजोड करू नये, पत्रा आणि कागद. बाकी सगळ्यासाठी शहरावर विसंबावे. या दोन गोष्टी पक्क्या असतील तर इंजिन अडकलेले असले तरी गाडी घ्यावी, आणि त्या कच्च्या असतील तर इंजिन कितीही गोड चालत असले तरी परत फिरावे.